तोंड उघडा, बायांनो!

(भिवंडी येथे यंत्रमाग कारखान्यांत आणि गोदामांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



सकाळी आपण एकमेकींची ओळख करून घेत होतो, तेव्हा मी एक गोष्ट पाहत होते. कुणी काही गमतीचं बोललं की सगळ्याजणी हसत होत्या, पण निम्म्याअधिक जणींचा पदर, ओढणी नाहीतर हात लगेच तोंडावर जात होता. थोडं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, ‘दात काढून हसू नकोस’ म्हणून. पण काहीजणींचं कारण वेगळं असतं. पुढचा दात पडलेला असतो, दात काळे झालेले असतात, तोंडाला वास येतो अशी मनात भीती असते.

बाईने तोंड बंद ठेवावं, असं सगळे सांगत आले. आपल्या चळवळीने सांगितलं, तोंड उघडा, बोला. आज मी तेच सांगणार आहे, पण अगदी शब्दशः. तोंड उघडा, आरशात बघा, एकमेकींना दाखवा. आत काय चाललंय ते बाईला माहीत पाहिजे.

आधीच सांगते, मी दातांची डॉक्टर नाही. वस्तीत आरोग्याचं काम करणारी कार्यकर्ती आहे. बायांना घेऊन दवाखान्यांच्या रांगेत बसता बसता जे शिकले, डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, ते सांगते आहे. मध्ये काही विचारायचं असेल तर विचारा. माझं मराठी कुणाला कळलं नाही तर शेजारणीने हिंदीत, तेलुगूत सांगा.

पहिला प्रश्न तुम्ही मनात विचारलाच असेल, की बाई, इथे मजुरीचा प्रश्न आहे, नळाला पाणी नाही, नवरा मारतो, आणि तुम्ही दातांवर काय बोलता? मलाही पूर्वी असंच वाटायचं. पण घरात दातांवर पैसे कोणाच्या खर्च होतात ते आठवून बघा. पोराचा दात दुखला तर आपण त्याला नेतो. नवऱ्याची दाढ ठणकली, त्याचा खाडा पडायला नको, म्हणून त्याला नेतो. आपली दाढ ठणकली की लवंग धरायची, मिठाच्या पाण्याने चूळ भरायची, एक गोळी घ्यायची आणि कांडी भरायला बसायचं. महिनोन्‌महिने असं काढतो. मग एक दिवस गाल सुजतो आणि आपण म्हणतो, उपटूनच टाका एकदाचा. दात भरून घ्यायला दोन-तीन फेऱ्या लागतात, म्हणजे दोन-तीन खाडे. उपटायला एकच. म्हणून चाळिशी यायच्या आत बाईच्या तोंडात चावायच्या दाढाच उरत नाहीत.

दाढा गेल्या की काय होतं? भाकरी चावत नाही, शेंगदाणे चावत नाहीत, काकडी-गाजर, हरभरे चावत नाहीत. मग बाई चहात पाव बुडवून खाते, भात आणि पातळ आमटी खाते. आधीच ती सगळ्यांच्या शेवटी जेवते, रक्त कमी, त्यात हे. म्हणून मी म्हणते, दातांचा प्रश्न हा बाईच्या पोटाचा प्रश्न आहे.

आता मिश्रीबद्दल बोलते. कोणी मिश्री म्हणतं, आपल्या कोकणपट्टीत मशेरी म्हणतात. उत्तरेकडून आलेल्या बहिणी गुल लावतात, तंबाखूचं मंजन लावतात. इथे बसलेल्यांपैकी कोण लावतं ते मी विचारणार नाही. मीच सांगते, मी लावत होते. अकरा-बारा वर्षांची असताना दाढ दुखली म्हणून आईने बोटावर चिमूटभर दिली. दाढ बधिर झाली, डोकं गरगरलं, ओकले. आठ दिवसांनी मीच मागायला लागले. सुटायला पुढे वीस वर्षं लागली.

मिश्री का लावतो, याचं खरं उत्तर आपल्यालाच माहीत आहे. दात स्वच्छ होतात म्हणून नव्हे. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं बाया सांगतात. ते खोटं नाही, तंबाखूतल्या निकोटिनने आतडी हलतात. आणि वस्तीतल्या संडासापुढे रांग असते, पाणी जाण्याआधी, पुरुष उठण्याआधी सगळं उरकायचं असतं. त्या बाईला लवकर ‘होणं’ ही गरजच असते. दुसरं, मिश्रीने भूक मरते. सकाळी चहा पिऊन कामाला बसलेली बाई दुपारपर्यंत काही खात नाही, कारण कांड्यांच्या हिशोबावर मजुरी आहे, उठलं की पैसे बुडाले. मिश्री तिची भूक दाबते. आणि तिसरं मला सगळ्यात खरं वाटतं. दारात बसून मिश्री लावायची ती पाच-दहा मिनिटं बाईची स्वतःची असतात. त्या वेळेला तिला कुणी काम सांगत नाही. दिवसभरात तिला मिळणारी विश्रांती तेवढीच.

म्हणून कोणी बाईला ‘अडाणी आहेस, व्यसनी आहेस’ म्हणालं की मला राग येतो. व्यसन सुटायला पाहिजेच, पण संडास, दुपारचं जेवण आणि विसावा हे प्रश्न बाजूला ठेवून नुसता उपदेश करून ते सुटत नाही.

आता मिश्रीने काय होतं ते बघू. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटली की मिश्री झाली. भाजल्याने तंबाखूचं विष निघून जातं असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. तंबाखू तंबाखूच राहते, आणि जळण्यातून आणखी घातक पदार्थ त्यात येतात. ती पूड आपण हिरडीवर चोळतो आणि तशीच ठेवतो. हिरडी हळूहळू खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, दात हलायला लागतात. सुरुवातीला दुखत नाही, कारण तंबाखूने जागा बधिर होते. आपल्याला वाटतं औषध लागू पडलं. आत रोग वाढत असतो.

हे आपल्या बायांमध्ये किती आहे? १९९६ साली एका पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. मुंबईतल्या सुमारे एक लाख माणसांना घरोघर जाऊन विचारलं होतं, सगळी पस्तिशीच्या पुढची. त्यातल्या ५७.५ टक्के बाया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या, आणि जवळजवळ सगळ्याजणी बिनधुराची. म्हणजे बाई बिडी ओढत नाही म्हणून ती तंबाखूपासून लांब आहे असं धरून चालायचं नाही. पुढे २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या मोठ्या वयाच्या १७ टक्के बाया तंबाखू घेत असल्याचं आढळलं. ही पाहणी सगळ्या राज्याची आणि पंधरा वर्षांच्या पुढच्या सर्वांची, म्हणून दोन आकड्यांची तुलना करायची नाही. पण दर सहा बायांमागे एक, हे काही थोडं नाही.

ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांच्या सुना-लेकी गरोदर आहेत, त्यांनी हे नीट ऐका. २००४ साली मुंबईतल्याच १२१७ गरोदर बायांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू घेणाऱ्या बहुतेकजणी मिश्रीच लावणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचं वजन इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. आधीच आपली बाळं अडीच किलोला टेकत नाहीत. त्यातून शंभर ग्रॅम कमी म्हणजे काय, ते इथल्या दाईमावशींना विचारा.

कायदा काय म्हणतो? दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. त्याविरुद्ध कोर्टात दाद मागितली गेली, पण १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. बंदी असताना कोपऱ्यावर काय काय मिळतं ते तुम्हाला माहीतच आहे. पण आपल्या घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोणता कायदा अडवणार? तिथे आपणच आपल्याला अडवायचं.

आणखी एक, ज्याच्याकडे लक्ष जात नाही ते म्हणजे सुपारी. तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे, असं म्हणून आपण लहान पोरांच्या हातात गोड सुपारीची पुडी देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली स्पष्ट सांगितलं, की तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोग करते. सुपारीने गालाची आतली कातडी कडक होते, तिखट लागलं की आग होते, आणि तोंड उघडणं हळूहळू कमी होत जातं. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना घास घेता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता दात किडतात कसे ते थोडक्यात सांगते. तोंडात जंतू असतात, सगळ्यांच्याच. आपण साखर खाल्ली की ते ती खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताचं वरचं कठीण आवरण विरघळतं. मग लाळ येऊन ते आम्ल धुऊन काढते आणि दात पुन्हा सावरतो. पण लाळेला वेळ मिळायला हवा. आपण काय करतो? सकाळी साखरेचा चहा, तासाने पुन्हा चहा आणि खारी, दुपारी चहा, पाळी संपताना चहा. साखर एकूण किती खाल्ली, यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली याने दात जास्त बिघडतात. चहा सोडा असं मी म्हणत नाही, भिवंडीत राहून तसं म्हणायची माझी हिंमत नाही! पण दिवसातले दोन-तीन चहा कमी करता येतील, साखर कमी करता येईल, आणि चहानंतर साध्या पाण्याने चूळ भरता येईल. बाळाला साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नका. रात्री लाळ कमी सुटते, साखर दातांवर रात्रभर राहते आणि पुढचे चार दात बघता बघता काळे होतात.

आणि म्हणूनच, दिवसातून एकदाच दात घासणं होणार असेल तर ते रात्री झोपण्याआधी करा. दोनदा झालं तर उत्तम. ब्रश मऊ घ्या. पुडक्यावर फ्लोराइड लिहिलेली साधी पेस्ट पुरते, महागातली लागत नाही. मोठ्यांना वाटाण्याएवढी, तीन वर्षांच्या आतल्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी. जोर लावून आडवं खसाखसा घासू नका, दात झिजतात. हिरडीपाशी ब्रश तिरका धरून हलक्या हाताने, आतल्या बाजूनेही घासा. एका ब्रशमध्ये घरातली चार माणसं नकोत, आणि केस वाकडे झाले की ब्रश बदला. राखुंडी, विटेची भुकटी, कोळशाची पूड आणि खडे मीठ यांनी दात पांढरे दिसतात, कारण वरचं आवरणच घासून निघतं. ते आवरण परत येत नाही. कडुलिंबाची, बाभळीची काडी किंवा मिस्वाक वापरत असाल तर टोक चावून कुंचल्यासारखं मऊ करा आणि मागच्या दाढांपर्यंत पोहोचवा. रोज्याच्या दिवसांत सहरीनंतर आणि रात्री झोपताना दात साफ केले तरी चालतं.

दात घासताना रक्त आलं की आपण घासणं बंद करतो. करायचं उलट. रक्त येतं, कारण दाताच्या कडेला घाण साचून हिरडी सुजलेली असते. हलक्या हाताने घासत राहा. आठ-दहा दिवसांत थांबलं नाही तर दाखवा, साचलेला दगडासारखा थर डॉक्टरकडून काढून घ्यावा लागतो. त्याने दात हलायला लागतात अशी आपल्याकडे समजूत आहे. दात आधीच हलत असतात, त्या थराने नुसते धरून ठेवल्यासारखे वाटतात.

गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात, तो शरीरातल्या बदलाचा परिणाम असतो. ‘पोरं झाली की दात जायचेच’ असं सासू म्हणते. बाळ आईच्या दातातून कॅल्शियम ओढून घेत नाही. दात जातात ते दुर्लक्षाने, ओकाऱ्यांमधल्या आम्लाने, आणि दिवस गेलेत म्हणून दातांचा उपचार पुढे ढकलल्याने. ओकारी झाली की लगेच ब्रश करू नका. चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने दात घासा. दातांचा उपचार गरोदरपणात करून घेता येतो, चौथा ते सहावा महिना सोयीचा. फक्त डॉक्टरला आधी सांगा की दिवस गेलेत. दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नका. टेट्रासायक्लिनसारख्या औषधाने बाळाच्या दातांना कायमचा डाग पडतो.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी एक सांगणं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांत पू असला की साखर आवाक्यात येत नाही. दोन्ही एकमेकींना वाढवतात. आणि घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असेल तर त्याचं तोंड रोज ओल्या फडक्याने साफ करा, कवळी रात्री काढून धुऊन ठेवा. तोंडातली घाण श्वासाबरोबर छातीत गेली की न्यूमोनिया होतो.

आता माझ्या मावशीची गोष्ट सांगते. ती भिवंडीतच कांड्या भरायची. खालच्या ओठाच्या आत, जिथे ती मिश्री ठेवायची, तिथे तिला पांढरा चट्टा आला होता. तिने मला एकदा दाखवलाही. मी विचारलं, दुखतं का? ती म्हणाली, छे, अजिबात नाही. मग आम्ही दोघीही विसरलो. पुढे त्या जागी जखम झाली. जवळच्या एका दवाखान्यात तिला तोंड आल्याची मलमं आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळत राहिल्या, पाच-सहा महिने. तिथे तिचा ओठ खाली ओढून कुणी नीट बघितलं नाही, असं ती सांगायची. मी तरी कुठे बघितलं होतं? परळला टाटा रुग्णालयात नेलं तेव्हा मानेत गाठ आली होती. ऑपरेशन झालं, जबडा काढला, तरी ती पुढे दीड वर्षच जगली. शेवटी तिला बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहायला ती कधी शिकलीच नव्हती.

‘दुखत नाही’ हा शब्द मी त्यानंतर कधी विसरले नाही. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. आपल्या देशात वर्षाला एक लाखाहून जास्त माणसांना तो होतो, आणि बरेचजण दुखायला लागल्यावरच येतात. लवकर सापडला तर तो बरा होतो, लहानशा ऑपरेशनवर भागतं. आणि तो डोळ्यांना दिसतो. पोटातला रोग बघायला यंत्र लागतं, तोंडातला बघायला उजेड पुरतो.

म्हणून महिन्यातून एकदा, पाळी आलेल्या दिवशी लक्षात राहील, ज्यांची गेली त्यांनी एक तारखेला, एवढं करा. हात धुवा, चूळ भरा, उजेडात आरसा घेऊन बसा. ओठ बाहेर ओढून आतून बघा. दोन्ही गाल बोटाने बाजूला करून बघा. हिरड्या बघा. मान मागे करून टाळू बघा. जीभ फडक्यात धरून बाहेर ओढा आणि तिच्या दोन्ही कडा बघा. जीभ वर लावून खालची जागा बघा. आपलीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांच्या मध्ये जातात का बघा. शेवटी मानेवर, जबड्याखाली गाठ लागते का चाचपा. पुसला न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, कारण नसताना हलणारा दात, तोंड कमी उघडणं, तिखटाची आग होणं, यातलं एकही दिसलं तर दुखत नसलं तरी दाखवायचं. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो, घाबरू नका. पण तो काय आहे ते डॉक्टरला ठरवू द्या.

हे काम आपल्यासारख्या बाया करू शकतात का? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन पस्तिशीच्या पुढच्या माणसांची तोंडं तपासली. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये, ज्यांची अशी तपासणी झाली त्यांच्यात तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. मावशीच्या वेळी मला हे माहीत असतं तर!

आता ज्या गोष्टीवर आपण घरात बोलत नाही ती. दात नेहमी किडूनच पडतात असं नाही. काही दात थपडेने पडतात. मी कितीतरी जणींना दवाखान्यात ‘मोरीत घसरले’ असं सांगताना ऐकलं आहे. बायांनो, कायद्यात दाताला हाडाइतकीच किंमत आहे. १८६० च्या दंड संहितेत कलम ३२० होतं. त्यात दात मोडणं किंवा निखळणं याला ‘जबर दुखापत’ म्हटलं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम ११६ मध्ये तेच आहे आणि कलम ११७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे नवऱ्याने मारलं आणि दात पडला, तर ते ‘नवरा-बायकोचं भांडण’ राहत नाही. सरकारी दवाखान्यात जा, ‘मारहाणीत दात पडला’ असंच केसपेपरवर लिहून घ्या, कागद जपून ठेवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालीही तो कागद उपयोगी पडतो. आणि पक्का दात मुळासकट निखळला तर टाकू नका. पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका, दुधात ठेवा आणि तासाभरात दातांच्या डॉक्टरकडे पोहोचा. पुष्कळदा तो पुन्हा बसवता येतो.

शेवटी, घरी जाऊन काय करायचं? ज्या मिश्री लावतात त्यांनी एकटीने शपथ घेऊ नका, चौघी मिळून सोडा. आधी वेळा मोजा, मग रोज एक वेळ कमी करा. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी प्या. तलफ आली की बडीशेप किंवा ओवा चघळा, सुपारी नको. पहिले काही दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, शौचाला साफ होणार नाही. ते कमी होत जातं. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी आहे, १८००-११२-३५६, फोनला पैसे पडत नाहीत. आणि ती दारातली दहा मिनिटं मात्र सोडू नका. मिश्री नसली तरी तिथे बसा. ती तुमची आहेत.

मंडळ म्हणून आपण तीन गोष्टी करू. एक, इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात आपण दहाजणी मिळून जाऊ आणि विचारू, दात नुसते उपटले जातात की भरलेही जातात, आणि कोणत्या दिवशी. तिथे जमलं नाही तर मुंबईत सी.एस.एम.टी.जवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे. गट करून गेलं की खाडाही एकच पडतो आणि भीतीही वाटत नाही. दोन, २०१६ पासून सरकारचंच ठरलेलं आहे की तिशीच्या पुढच्या सगळ्यांची मधुमेह, रक्तदाब यांच्याबरोबर तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी व्हायची. आपल्या वस्तीत ती कधी होणार, हे आशाताईंना आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्राला विचारू. कर्करोग निघालाच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात, ती कागदपत्रं आधीच जमवून ठेवू. तीन, कारखान्यात आणि गोदामात दुपारी जेवायला अर्धा तास, प्यायचं पाणी आणि बायांसाठी संडास, ही आपली जुनीच मागणी. तिच्यात दातांचंही कारण आता घाला.

आता भाषण पुरे. मी आरसे आणले आहेत, बाहेर ऊनही चांगलं पडलंय. दोघी-दोघींच्या जोड्या करून बसा. एकीने तोंड उघडायचं, दुसरीने बघायचं. सुरुवात माझ्यापासून करा.